लेकरासाठी हातगाडी: आधी चाक, मग पेटी

पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर बाबागाडी चालवून बघा. दहा पावलं ठीक जातात, मग पुढचं चाक एका उचकटलेल्या ब्लॉकला अडतं, गाडी जागच्या जागी थांबते आणि आतलं मूल पट्ट्यावर पुढे झुकतं. मागच्या हँडलला भाजीच्या दोन पिशव्या टांगलेल्या असल्या, तर त्याच वेळी गाडी उलटी व्हायच्याही बेतात असते. शेवटी एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात घडी केलेली गाडी आणि पिशव्या दातात धरायच्या तेवढ्या बाकी.

हल्ली ऑनलाइन दुकानांत घडीच्या चारचाकी ‘वॅगन’ दिसतात. दोन मुलं बसतील, सामान मावेल, वर छत्रीही आहे. किंमत बघून घरी चर्चा होते, आणि प्रश्न पडतो की लोखंडाच्या चार नळ्या आणि कापडाला एवढे पैसे कशाचे? हीच वस्तू ग्रीलवाल्याकडून स्वस्तात, टिकाऊ आणि आपल्या रस्त्याला झेपेल अशी करून घेता येईल का? येते. फक्त पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. इथे जी गाडी डोळ्यांसमोर आहे ती अशी: दोनच चाकं, १२ किलोचं मूल, १३ किलो सामान, गाडीचं स्वतःचं वजन १५ किलो. एकूण ४० किलो. आई, बाबा किंवा आजी, कुणीही एकट्याने चालवायची.

चाक लहान असलं की नेमकं काय होतं

चाकापुढे अडथळा आला की चाक त्याच्या कडेवर टेकतं आणि त्या कडेभोवती वर चढतं. चाक मोठं असेल तर अडथळा त्याच्या तळाशी येतो आणि चाक सावकाश वर सरकतं. चाक लहान असेल तर तोच अडथळा पार त्याच्या छातीशी येतो. दोन पायऱ्या चढायच्या आणि कमरेएवढा कट्टा चढायचा, यात फरक आहे तसाच.

आकड्यांत बघू. गाडी हलकेच ढकलत नेली आणि दोन्ही चाकं एकदम २ सेंमी उंच कडेला लागली असं धरा. चाकांवर ४० किलो भार आहे. चाक १० सेंमी व्यासाचं असेल, म्हणजे बहुतेक स्वस्त बाबागाड्यांना असतं त्याच्या जवळपास, तर कडेवर चढायला सुमारे ५३ किलोचा आडवा जोर लागतो. म्हणजे गाडीच्या वजनापेक्षाही जास्त. चाक ४० सेंमीचं असेल तर तेच काम सुमारे १९ किलोत होतं. कड ५ सेंमीची असेल तर १० सेंमीचं चाक ढकलून कधीच चढणार नाही, कारण कड त्याच्या आसाच्या उंचीला येते. ४० सेंमीचं चाक तिथेही, जोर लावून का होईना, चढतं.

छत्री, कप ठेवायची जाळी, मऊ गादी यातल्या कशानेही हा हिशोब बदलत नाही. म्हणून पहिला निर्णय चाकाचा, आणि पेटी त्यानंतर.

४० सेंमीचं चाक म्हणजे लहान मुलांच्या सायकलचं १६ इंची चाक, टायरसकट. हे भंगारवाल्याकडे, सायकल दुकानाच्या मागच्या ढिगात सर्रास मिळतं, कारण मूल दोन वर्षांत सायकलला मोठं होतं आणि सायकल गंजत पडते. दोन्ही चाकं पुढचीच घ्या. मागच्या चाकाला फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, असतं, त्याची एक बाजू जाड होते आणि बसवताना जागा जास्त लागते. विकत घेण्याआधी चाक एक्सलवर, म्हणजे आसावर, धरून फिरवा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर चाक ‘आउट’ आहे. थोडं असेल तर सायकलवाला तारा आवळून सरळ करतो. रिमला घडी पडली असेल तर तिथेच ठेवा.

मग २६ इंची का नको? आणखी सोपं जाईल

जाईल, पण ते टिकणार नाही. सायकल वळताना आडवी झुकते, त्यामुळे भार नेहमी चाकाच्या उभ्या रेषेतच राहतो. हातगाडी झुकत नाही. वळताना, किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर, भार चाकाला कडेने ढकलतो. तारांचं चाक वरून कितीही भार घेतं, पण बाजूने दाबलं की वाकतं. आणि चाक जेवढं मोठं तेवढं ते बाजूने नाजूक. २६ इंची चाकाची हातगाडी चार महिन्यांत आठाच्या आकड्यासारखी चालायला लागते.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. ग्रीलवाला एक्सल एकाच बाजूने वेल्ड करतो, बैलगाडीच्या चाकासारखं चाक बाहेर लोंबतं ठेवतो. बैलगाडीचा आस मनगटाएवढा जाड असतो, सायकलच्या पुढच्या चाकाचा करंगळीएवढाही नसतो. तो दोन्ही बाजूंनी धरला जाईल असं मानूनच बनवलेला असतो. एका बाजूने धरला तर आठवड्याभरात वाकतो आणि चाकं वरून आत कलतात. म्हणून प्रत्येक चाकाच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे नळी हवी. चाक जणू छोट्या चौकटीत बसलेलं. नळी थोडी जास्त लागते, पण बाहेरची नळी चाकाचं भिंतीपासून रक्षणही करते.

या रचनेचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. दोन्ही चाकांना वेगवेगळे छोटे एक्सल असल्यामुळे मधून आरपार दांडा जात नाही. मग पेटीचा तळ एक्सलच्या खाली, जमिनीपासून १५ सेंमीवर आणता येतो. तळ खाली आला की गाडी कडेला कलंडत नाही. ते कसं, ते आता.

तोल: बैलगाडीवाल्यांना माहीत असलेली गोष्ट

कुठल्याही वस्तूचं सगळं वजन एका बिंदूत गोळा झालंय असं मानता येतं. शाळेच्या पुस्तकात त्याला गुरुत्वमध्य म्हणतात, आपण तोलबिंदू म्हणू. दुचाकी गाडीत तोलबिंदू एक्सलच्या किंचित हँडलकडे असावा लागतो. फार हँडलकडे गेला तर हात भरून येतात. एक्सलच्या पलीकडे गेला तर हँडल हातातून वर उसळतं आणि पेटी मागे आपटते. बैलगाडीवाले याला गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात, आणि भरताना पोतं चार बोटं पुढे-मागे सरकवून ती जागेवर आणतात.

आपली पेटी ७५ सेंमी लांब, आतून ३८ सेंमी रुंद. एक्सल हँडलकडच्या टोकापासून ४५ सेंमीवर, पलीकडच्या टोकापासून ३० सेंमीवर. मूल हँडलकडे तोंड करून बसेल आणि त्याचं अंग बरोबर एक्सलवर येईल. सामान त्याच्या पायांखाली, हँडलच्या बाजूला. हँडलचा दांडा एक्सलपासून ९० सेंमीवर.

आता सी-सॉचा हिशोब: वजन गुणिले अंतर. गाडीचा स्वतःचा तोलबिंदू एक्सलच्या ७ सेंमी पुढे, म्हणजे हँडलकडे, म्हणून १५ × ७ = १०५. सामान २५ सेंमी पुढे, म्हणून १३ × २५ = ३२५. मूल एक्सलवरच असल्याने त्याचं शून्य. बेरीज ४३०, भागिले ९० म्हणजे हातावर पावणेपाच किलोच्या आसपास भार. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या नऊ-दहा पिशव्या. दोन हातांत विभागून तो जाणवतही नाही.

घरी आल्यावर काय होतं ते बघा. भाजी, दळण आधी उतरवलं, मूल आतच. आता पुढच्या बाजूला फक्त १०५ उरले. मुलाने १० सेंमी मागे रेलून वर पंख्याकडे बघितलं की मागच्या बाजूला १२ × १० = १२०. गाडी उलाळ, मूल पाठीवर. बाबागाडीच्या हँडलला पिशव्या लटकवल्यावर ती उलटते, त्याच्या मागेही हाच हिशोब आहे. यावर दोन उपाय, आणि दोन्ही करायचे. पहिला फुकटचा: आधी मूल उतरवा, मग सामान. दुसरा दोन वीत नळीचा: पेटीच्या मागच्या, म्हणजे हँडलच्या पलीकडच्या टोकाला, जमिनीच्या ५ सेंमी वर संपणारे दोन ठोकळे वेल्ड करा. गाडी मागे गेलीच तर तेवढ्यावर टेकून थांबते.

कडेला कलंडणं सोपं आहे. दोन चाकांच्या मधलं अंतर ५३ सेंमी आहे. तोलबिंदू ४५ सेंमी उंचीवर असेल तर गाडी साधारण ३० अंश कलेपर्यंत सावरते. हौसेने सीट उंच केली आणि तोलबिंदू ६० सेंमीवर गेला, तर २४ अंशांतच उलटते. फुटपाथवरून एक चाक खाली उतरलं तर ५३ सेंमी रुंदीला १५ सेंमीचा फरक म्हणजे १६ अंश गेलेच. त्यात मूल बाहेर वाकलेलं असतं. म्हणून सीट तळापासून १५ सेंमीच्या वर नको.

चार चाकं जास्त सुरक्षित नाहीत का?

उभी असताना आहेत. चालताना त्यांना वळवायला पुढची चाकं फिरावी लागतात, आणि फिरणारी चाकं स्वस्तात हवी तर लहानच घ्यावी लागतात. म्हणजे पुन्हा १० सेंमीवर आलो. मोठी चाकं फिरवायची तर खाली फिरता जोड हवा, आणि सगळ्यात आधी खिळखिळा होणारा भाग तोच असतो.

दुचाकीला हँडलच्या बाजूला एक उलटी कमान, म्हणजे स्टँड, लागतो. हात सोडला की गाडी स्टँडवर टेकते आणि थांबते. इथे ब्रेक लावायला विसरायची सोयच नाही, ही दुचाकीची मोठी जमेची बाजू. स्टँडच्या तळाला जुन्या टायरचा तुकडा नट-बोल्टने बसवायचा. एक मर्यादा मात्र आहे. सामान भरलेलं असताना स्टँडवर दहा-अकरा किलो दाब येतो आणि रबर घट्ट धरतं. सामान काढलं की दाब जेमतेम अडीच किलो. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर तेवढ्यावर भरवसा नको. उतारावर गाडी नेहमी आडवी लावायची आणि चालताना हँडलचा पट्टा मनगटात ठेवायचा.

साहित्य आणि कापाकापी

२५ × २५ मिमी चौकोनी लोखंडी नळी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी जाड. ती मीटरला सुमारे ९०० ग्रॅम भरते. दुकानात ६ मीटरच्या लांबीत मिळते, दोन नळ्या लागतात. त्यातली दहा मीटरच्या आसपास वापरली जाते, उरलेली मागचे ठोकळे आणि चुकांसाठी. तळाला १२ मिमी मरीन प्लाय, ७५ × ३८. एक्सल धरायला ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड पट्टीचे चार तुकडे, प्रत्येकाला खालून उघडी खाच. खाचेचं माप आधी ठरवू नका. सायकलचे एक्सल वेगवेगळ्या जाडीचे येतात, म्हणून चाक सोबत घेऊन जा.

प्रत्येक चाकाच्या चौकटीला १५ सेंमी लागतात: १० सेंमी हबला, म्हणजे तारा जिथे जुळतात त्या चाकाच्या मधल्या भागाला, अडीच-अडीच दोन नळ्यांना. दोन्हीकडचे ३० आणि पेटीचे ३८, एकूण रुंदी ६८ सेंमी. नळी कापण्याआधी लिफ्टचं दार आणि घराचं दार मापा. अगदी चिकटून जात असेल तर पेटी ३५ ची करा, चाकांना हात लावू नका.

वेल्डिंगमध्ये सगळी गंमत एका सळईत आहे. एक्सलच्या चारही पट्ट्या एका रेषेत नसतील तर एक चाक आत आणि एक बाहेर तोंड करून चालतं. मग गाडी सारखी एका बाजूला ओढते आणि टायर महिन्याभरात झिजतात. म्हणून आधी पट्ट्यांना फक्त टाके मारायचे, खाचांमधून एक सरळ सळई आरपार घालायची, आणि ती सैलसर फिरते आहे हे बघून मगच पक्कं वेल्ड. शेवटी चाकं बसवून दोन रिममधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. फरक ३ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर कारागिराला तिथेच सांगा, कारण रंग मारल्यावर कुणी हात लावत नाही.

१८ गेजची नळी आर्क वेल्डिंगने सहज जळून भोक पडतं. कारागिराने २.५ मिमीचा रॉड आणि कमी करंट वापरायला हवा. जाड रॉड हातात दिसला की विचारा. नळ्यांची तोंडं बुजवा, पण सगळ्यात खालच्या नळीला तळातून ५ मिमीचं भोक ठेवा. पाणी कुठून तरी आत जातंच. बाहेर यायला वाट नसेल तर नळी आतून सडते आणि वरचा रंग शेवटपर्यंत छान दिसत राहतो.

मुलाच्या बोटांचा आणि तोंडाचा विचार

तारांमध्ये बोट जाणं हा या गाडीतला सगळ्यात मोठा धोका. चाकं ४० सेंमी उंच आहेत, म्हणून पेटीच्या भिंती जमिनीपासून ५५ सेंमीपर्यंत आणि चाकांच्या बाजूला सलग हव्यात. जाळी नको. ६ मिमी प्लाय किंवा दुहेरी जाड कॅनव्हास चालेल. कॅनव्हास घेतला तर तो ताणून बांधा, सैल कापड चाकाला घासतं. जुने फ्लेक्सचे बॅनर फुकट मिळतात म्हणून लावायचा मोह होतो. ते पीव्हीसी असतं, उन्हात तापतं, आणि मूल कडा चावतं. सामानाखाली अंथरायला ठीक, मुलाजवळ नको.

रंगाचंही तसंच. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या, वर नको, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण तो घरगुती रंगांना. फॅब्रिकेशनच्या दुकानात कोपऱ्यात उघडा पडलेला डबा औद्योगिक रंगाचा असू शकतो. शेवटचा हात मारायला घरगुती इनॅमलचा डबा स्वतः घेऊन द्या.

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. शेवटचा नसेल तर मूल खालून सरकून निसटतं. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे २५ मिमीची नायलॉन पट्टी आणि क्लिपचं बक्कल मिळतं, तोच शिवूनही देतो. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मागा. पट्ट्याची टोकं नळीभोवती गुंडाळून यायला हवीत. प्लायला स्क्रूने धरलेला पट्टा पहिल्याच जोराच्या धक्क्याला उपटतो.

आधाराशिवाय नीट बसता न येणाऱ्या बाळासाठी ही गाडी नाही. उशा लावूनही नाही.

बांबूची का करू नये?

करता येते, आणि कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असल्याने चांगली बनतेही. पण जोड हा बांबूचा कच्चा दुवा. नट-बोल्टसाठी गाठीपासून लांब भोक पाडलं की तिथून उभी चीर जाते, आणि चाकाचे धक्के नेमके जोडावरच बसतात. म्हणून चौकट लोखंडाची आणि हँडलचा दांडा तेवढा बांबूचा, हा मध्यममार्ग बरा. ३० मिमी जाडीचा दांडा हाताला बसतो, उन्हात तापत नाही. तो कोपराच्या उंचीला, ९५ ते १०० सेंमीवर हवा. घरात उंचीचा फरक असेल तर बाजूच्या नळ्यांना दोन-दोन भोकं ठेवा.

बांबूला भुंगा लागतो तो त्यातल्या पिष्टासाठी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक अॅसिड घालून आठवडाभर बुडवून ठेवायचा, सावलीत वाळवायचा, मग वार्निशचे दोन हात. हे औषध पोटात जायचं नसतं, म्हणून मुलाच्या तोंडाशी येणाऱ्या जागी असा बांबू वापरू नका.

पण याची घडी होत नाही!

होत नाही, आणि हा खरा तोटा आहे. घडीचा प्रत्येक सांधा म्हणजे एक हलणारा जोड, एक खिळखिळी होणारी रिबिट आणि बोट चिमटायची एक जागा. घडीच्या गाडीची किंमत वाढते ती बरीचशी या सांध्यांमुळे, आणि त्यातला एक तुटला तर गाडी भंगारात जाते, कारण सुटा भाग मिळत नाही. आपल्या गाडीचं हँडल दोन विंग नटनी सुटं होतं, चाकं पान्याने निघतात. मग उरते ७५ × ६८ची पेटी, पलंगाखाली नाही पण बाल्कनीत उभी राहते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर १५ किलो रोज चढवणं होणार नाही. खाली सायकलींच्या जागी साखळीने बांधायची सोय असेल तरच हा उद्योग करा.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही नळी नवी की जुनी यापेक्षा पंक्चर कोण काढून देणार, हा प्रश्न मोठा आहे. या गाडीत टायर, ट्यूब, तारा, छर्रे आणि ते जागेवर धरणारे ‘कोन’, सगळं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडचं. बहुतेक पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला दहा छर्रे असतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हब उघडून, पुसून, नवीन ग्रीस भरून घेतलं की चाकाचा आवाज येत नाही. हवा २५ पीएसआयच्या आसपास पुरे. सायकलवाला सवयीने टणक भरतो, मग प्रत्येक खडा मुलाच्या पाठीला कळतो.

स्कूटरच्या मागे जोडली तर?

नाही. चालताना वेग तासाला ५ किमी असतो. १५ला गेलात तर धक्क्यातली ऊर्जा तिप्पट नाही, नऊपट होते. वरचा एकही आकडा त्यासाठी काढलेला नाही.

मूल बसवण्याआधी

मुलाच्या जागी २५ किलो आणि सामानाच्या जागी २५ किलो वाळूची पोती बांधा, म्हणजे ठरवलेल्या भाराच्या दुप्पट. फुटपाथची साधारण ५ सेंमीची कड शोधा आणि गाडी त्यावरून पन्नास वेळा खाली उतरवा, सावकाश नाही, घाईत माणूस उतरवतो तशी. चढवताना वळून उभे राहा आणि गाडी मागे ओढत घ्या. ढकलताना आपला जोर थोडा खाली जातो आणि चाकं दाबतो, ओढताना तो किंचित वर जातो.

मग गाडी उलटी करा आणि वेल्डच्या प्रत्येक जोडावर रंगाला केसाएवढी चीर गेली आहे का ते बघा. चीर सगळ्यात आधी एक्सलच्या पट्टीशी किंवा हँडल पेटीला मिळतं त्या कोपऱ्यात दिसते. तिथे २५ मिमीचा तिरका तुकडा आतून वेल्ड करून पुन्हा पन्नास वेळा उतरवा. एक्सलचे नट पहिल्या आठवड्यात हमखास सैल होतात, कारण रंगाचा थर त्यांच्याखाली दबतो. ते आठव्या दिवशी पुन्हा आवळायचे, म्हणून पाना हँडललाच बांधून ठेवा.